विशाखा आणि बळदातला एकोणचाळीसवाला

"अक्का, विशाखा गेली," असं माझा धाकटा भाऊ अशोक फोनवर म्हणाला तेव्हा दोन दिवसांसाठी सोनपेठला पाहुण्यांकडं आलेली मी तिथल्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होते, आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोणत्या गावाला?" आमच्या घरात हे वाक्य वर्षानुवर्षं कुणी ना कुणी म्हणतच असायचं. विशाखा गेली म्हणजे हातात चार पिंजरे आणि पिशवीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन कुठल्यातरी गावाला उंदीर धरायला गेली, संध्याकाळच्या एसटीनं परत येईल. अशोक हुंदके द्यायला लागला, मग मला कळलं. जुडी हातातच धरून मी तिथंच रडायला लागले. भाजीवालीनं तांब्यातलं पाणी दिलं आणि विचारलं, "कोन व्हतं बाई तुमचं?" मी म्हटलं, "भावजय." तेवढ्यावर तिनं मान हलवली, भावजयीसाठी एवढं कोण रडतं अशा अर्थाची. तिचं तरी काय चुकलं? ती विशाखाला ओळखत नव्हती.

सकाळचा चहा घेताना झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता दीड महिना झाला. तिच्यावर लिही असं पुष्कळांनी सुचवलं, पण गळा काढून लिहायला मला जमणार नाही. जी बाई हिमतीनं लढली आणि चांगली वाजतगाजत जिंकली, तिच्यावर रडका लेख लिहिला तर तीच वरून म्हणेल, "अक्का, तू मराठीची मास्तरीण ना? मग नीट लिही की!" तेव्हा हा तिच्या विजयाचा लेख आहे. तो विजय तिला उंदरांमुळे मिळाला, त्याला माझा इलाज नाही.

विशाखा मूळची जिंतूर तालुक्यातल्या बोरीची. बोरीच्या कडेनं एक ओढा जातो. त्याच्या अलीकडं भीमनगर, म्हणजे आमच्या बौद्ध समाजाची वस्ती, आणि पलीकडं गाव. वडील शाळेत शिपाई. पोरगी प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली, परभणीच्या कॉलेजात लागली आणि अशोकशी लग्न करून आमच्या घरात आली. अशोक एसटीत कंडक्टर. मी लग्न केलं नाही, त्यामुळे नणंद म्हणून मी तिच्या वाट्याला कायमचीच आले होते. लोकांना वाटायचं, घरात रोज भांडी आपटत असतील. भांडणं व्हायचीही, पण विषय वेगळे असायचे. फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी तिच्या प्रयोगाच्या औषधांच्या बाटल्या असाव्यात की नाही, यावर आम्ही एकदा चार दिवस बोलत नव्हतो. शेवटी दूध हललं, बाटल्या तिथंच राहिल्या.

तिनं पीएचडीला विषय घेतला घरउंदराची गुणसूत्रं. घूस नव्हे, शेतातला उंदीरही नव्हे. आपल्या फडताळामागं खुडबुड करतो तो, बोटाएवढा. आमच्या आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "सुनेला वाघ न्हाई दिसला, हत्ती न्हाई दिसला, उंदीरच बरा दिसला!" पण आईचं खरं दुःख दुसरं होतं. एकदा बुद्धवंदना झाल्यावर तिनं विशाखाला समोर बसवून विचारलं, "पंचशील घेतो आपण. जीव मारायचा न्हाई म्हनतो. आन् तू काय करायलीस?" विशाखा कुणालाही उत्तर देण्यात मागं राहणारी नव्हती, पण त्या दिवशी म्हणाली, "आई, याचं उत्तर माझ्याकडं न्हाई. लागतील तेवढेच घेते, एक जास्त न्हाई. एवढंच सांगू शकते." आईला ते उत्तर पटलं नाही, पण तिचं खरं बोलणं आवडलं. पुढं आईच तिच्या पिंजऱ्यासाठी भाकरीचा तुकडा तेलात भिजवून ठेवायची.

गुणसूत्रं म्हणजे काय ते मी तिच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतही सांगेन. आपल्या प्रत्येक पेशीत आईबापाकडून आलेला वारसा धाग्यांमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो, ती गुणसूत्रं. घरउंदराला ती चाळीस. पेशी नेमक्या वेळी थांबवायच्या, पाण्यानं फुगवायच्या, आणि स्लाइडवर उंचावरून थेंब टाकायचा म्हणजे पेशी फुटून गुणसूत्रं पसरतात. त्यासाठी विशाखा प्रयोगशाळेत स्टुलावर उभी राहून, हात वर करून थेंब सोडायची. मग रंग द्यायचा. त्या रंगानं तिच्या बोटांची टोकं कायम जांभळी असायची, लग्नाकार्यात बायका विचारायच्या, ही कुठली मेंदी? मायक्रोस्कोपमधून पाहिलं की उंदराची गुणसूत्रं आखूड काड्यांसारखी दिसतात, सगळ्या काड्याच. पण जगात काही ठिकाणी असं झालंय की दोन काड्या टोकाला टोक जुळून एकच मोठं गुणसूत्र बनलं. त्याचा आकार चिमट्यासारखा दिसतो. अशा उंदरांत आकडा कमी भरतो, पण आतला माल जवळपास तेवढाच. हे तिचं आवडतं वाक्य होतं, "कमी न्हाईत अक्का, जोडलेली हायत."

आणि असे चिमटेवाले उंदीर तिला सापडले ते आणखी कुठं नाही, माहेरी! जिल्ह्यात ती बरीच फिरली होती. अशोकच्या ओळखीनं ड्रायव्हर-कंडक्टर तिचे पिंजरे सीटखाली ठेवू द्यायचे. अशोक स्वतः ड्युटीवर असला तर भर गाडीत ओरडून विचारायचा, "मॅडम, चार उंदरांचं हाफ लावू का फुल?" सगळीकडं चाळीसच निघत होती. दिवाळीला ती बोरीला गेली, तिच्या आईच्या स्वयंपाकघरात आणि भाऊबंदांच्या घरात पिंजरे लावून आली, आणि त्या उंदरांत निघाली अडतीस. प्रत्येक पेशीत दोन चिमटे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. त्या दिवशी ती कॉलेजातून घरी आली ती पळतच. चप्पल न काढता स्वयंपाकघरात शिरली म्हणून मी रागावले तर तिनं मलाच मिठी मारली.

तिचे गाईड मोठे अभ्यासक होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी फोटो पाहिले आणि म्हणाले की दोन गुणसूत्रं एकमेकांवर पडली असतील, नवख्या हाताच्या स्लाइडमध्ये असं होतं. तिनं पुन्हा स्लाइडी केल्या, पुन्हा अडतीस. मग ते म्हणाले की बरं, खरं धरू, पण हे सगळे उंदीर एकाच ठिकाणचे, एकाच कुटुंबातले असतील, एखाद्या बिळातली विकृती. गावाचा नकाशा मागवला. तिनं जिथं जिथं पिंजरे लावले तिथं लाल खुणा केल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून साधा प्रश्न विचारला, "सगळ्या खुणा ओढ्याच्या एकाच बाजूला का?"

परीक्षेत कधी अडखळली नाही अशी विशाखा नकाशा गुंडाळून घरी आली. जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "अक्का, मी मुद्दाम न्हाई केलं. मला सुचलंच न्हाई बघ. पलीकडं कुणाच्या घरात आत जायचं नसतं, हे अंगात इतकं मुरलंय की सायन्स करतानाबी मी ओढा वलांडला न्हाई. सोनपेठात वलांडला असता, सेलूत वलांडला असता. बोरीत न्हाई." मला तेव्हा भयंकर राग आला. तिच्यावर नाही. ज्यांच्यामुळे एका हुशार बाईचे पाय आपोआप एका ठिकाणी थांबतात, त्यांच्यावर. आणि गाईड त्या गावचे नव्हते, त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी सरळ सल्ला दिला की बोरी गाळून टाका, बाकीच्या गावांवर पदवी होऊन जाईल, मुदत संपत आलीय. सल्ला चांगला होता, कुणीही घेतला असता. विशाखा म्हणाली, "सर, गाळायचंच असंल तर बाकीचं गाळते."

म्हणजे आता एकच मार्ग होता. ओढ्यापलीकडं पिंजरे लागले पाहिजेत. तिकडं नुसती चाळीस निघाली असती तर बोरीचा शोध एका बिळापुरता राहिला असता, आणि काहीच हाती लागलं नसतं तर पदवीही गेली असती. मी रजा टाकली आणि तिच्याबरोबर निघाले. आमच्या दोघींत भांडायची सवय मला जास्त होती.

लोक उर्मट नव्हते, हे सांगितलं पाहिजे. उलट फार गोड बोलायचे. "या मॅडम, तुमच्या वडलांना वळखतो की आमी. पिंजरे ठिवून जा, लावतो आमी." दारातच घ्यायचे. आणि मग ते पिंजरे गोठ्यात नाहीतर ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन पडायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो की आत काय? चिचुंद्री, जी मुळात उंदीरच नव्हे. सगळ्या घरांत मिळून नुसत्या चिचुंद्र्या. विशाखा एकेक पिंजरा उघडून त्यांना सोडून द्यायची आणि मी मनातल्या मनात गावाला शिव्या द्यायचे.

शेवटी आम्ही गोदाकाकूंकडं गेलो. गावातलं मोठं शेतकरी घर. भिंतीत बांधलेलं धान्याचं कोठार, ज्याला आपण बळद म्हणतो, ते अजून वापरात असलेलं तेवढं एकच घर उरलं होतं. काकू उंबऱ्यात उभ्या, डोक्यावर पदर, हात कमरेवर. त्यांनीही तेच म्हटलं, "ठिवा हितं. मी लावते बळदापाशी."

विशाखानं पिंजरा खाली ठेवला नाही. "काकू, उंदराची वाट बगून पिंजरा लावावा लागतो. भिताडाला चिकटून कुठून जातो, लेंड्या कुठं हायत, ते मलाच बगावं लागंल. आत यावं लागंल मला."

काकूंनी तिच्याकडं पाहिलं, मग वळून आत बळदाच्या दिशेनं पाहिलं. त्यांना काय काय आठवलं असेल कोण जाणे... मग त्या म्हणाल्या, "लय धान खाल्लं ओ मेल्यांनी औंदा. या. चपला भाईर काढा."

"चपला मी कुनाच्याबी घरात भाईरच काढते," विशाखा म्हणाली, आणि आत गेली. तिच्या मागं मी. स्वयंपाकघर ओलांडून, चुलीला वळसा घालून, बळदापर्यंत. विशाखानं जमिनीवर पालथं पडून बॅटरीनं वाट शोधली आणि तीन पिंजरे लावले. साडी धुळीनं माखली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर तिन्ही पिंजऱ्यांत उंदीर! काकूंना इतका आनंद झाला की त्या बघायला पुढं वाकल्या, आणि विशाखा एकदम ओरडली, "काकू, शिवू नका मला! हाताला उंदराचं मूत लागलंय!"

काकू दचकून मागं सरकल्या. कोण कुणाला काय म्हणालं, हे आधी काकूंच्याच लक्षात आलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि अशा हसायला लागल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "आगं बया, आता तू मला सांगायलीस व्हय शिवू नको म्हनून!" विशाखाही हसली, मीही हसले. हसता हसता मला रडू आलं ते मी धुळीवर ढकललं. काकूंनी स्वतः तिच्या हातावर पाणी घातलं.

पुढची गोष्ट परभणीची. रविवार होता, कॉलेज बंद. विशाखानं त्या उंदरांच्या पेशींचे मोठे फोटो काढले होते. मला प्रयोगशाळेत नेलं, टेबलावर एक फोटो आणि पेन्सिल ठेवली, आणि म्हणाली, "अक्का, तू मोज. मोजलेल्या काडीवर खूण कर." मी म्हटलं, तू शास्त्रज्ञ, मी का मोजू? "कारण मला कोणता आकडा पाहिजे ते तुला ठावं न्हाई. मला ठावं हाय, म्हणून माझे डोळे खोटं बोलतील." आणि ती पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी पोरांच्या उत्तरपत्रिकांचे मार्क मोजलेली बाई, मोजण्यात माझा हात कुणी धरू नये. मोजलं. एकोणचाळीस आली. विषम आकडा कसा, जोड्या असतात ना? पुन्हा मोजलं, उलट्या बाजूनं मोजलं, तरी तेवढीच. मला अपराधी वाटायला लागलं. "विशाखा, एकोणचाळीसच येतायत गं. एक कुठंतरी सांडलं वाटतं."

मी वळून पाहिलं, तर ती खिडकीखाली फरशीवर बसली होती आणि दोन्ही जांभळ्या हातांनी तोंड झाकून रडत होती. की हसत होती... दोन्ही एकदमच चाललं होतं. "न्हाई सांडलं अक्का. एकबी न्हाई सांडलं."

मग तिनं मला समजावलं. काकूंकडचे बाकी दोन उंदीर चाळीसवाले निघाले होते, ओढ्याअलीकडचे अडतीसवाले. चाळीसवाल्याकडून वीस येतात, अडतीसवाल्याकडून एकोणीस, बेरीज एकोणचाळीस. म्हणजे बळदातल्या या तिसऱ्या उंदराचा एक पालक गावातला आणि एक भीमनगरातला होता. हा बिळातला अपघात नव्हता, स्लाइडची चूकही नव्हती. दोन्ही काठांवर दोन वेगळे प्रकार नांदत होते आणि त्यांची पोरं जिवंत होती, धान्य खाऊन लठ्ठ झाली होती. मी फोटोकडं बघतच राहिले. बोरीत जे सोयरसंबंध माणसांना जमले नव्हते, ते उंदरांनी बळदात कधीच उरकून टाकले होते. आम्ही दोघी त्या रिकाम्या कॉलेजात इतक्या मोठ्यानं हसलो की वॉचमन बघायला आला.

व्हायवाला, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला, भीमनगरातून जीपभर माणसं आली होती. कुणाला काही कळणार नव्हतं, पण आपल्या पोरीची परीक्षा आहे म्हटल्यावर घरी कोण बसतं? बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी नुसत्या आकड्यावर समाधान मानलं नाही. म्हणाले की असा संकर खरा असेल तर बीजपेशी तयार होताना तो चिमटा आणि त्याच्या दोन सुट्या काड्या अशी तीन गुणसूत्रं एकत्र जुळलेली दिसली पाहिजेत. दाखवा. विशाखानं स्लाइड लावली आणि बाजूला झाली. ते मायक्रोस्कोपवर वाकले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोकं वर काढलं, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मग उभे राहिले आणि विशाखाला म्हणाले, "बाई, मी हे पुस्तकांत पाहिलं होतं. तुमच्या जिल्ह्यात पाहीन असं वाटलं नव्हतं." मग त्यांनी सांगितलं की असा नवा प्रकार ज्या जागी प्रथम सापडतो तिचं नाव त्याला देण्याची रीत आहे. काय नाव देणार?

गाईड चटकन म्हणाले, "अर्थात बोरी."

"सर," विशाखा म्हणाली, अगदी शांतपणे, "पहिला सापडला तो भीमनगरात."

परीक्षकांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, "मग भीमनगर." मागच्या रांगेत आधी कुणाला समजलं नाही, मी उठून ओरडले, "अहो, आपलं नाव दिलं!" आणि मग जे झालं त्याला विद्यापीठाच्या शिस्तीत जागा नाही. विशाखाच्या मामांनी शिट्टी वाजवली. वडील मात्र उभे राहिले आणि हात जोडून तसेच उभे राहिले, कुणाला हात जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा पुन्हा कधी झाला नाही, आणि आता होणारही नाही. पुढं ते नाव छापून आल्यावर गावातल्या काही जणांनी तक्रार केली की गाव आमचं आणि नाव वस्तीचं हा कुठला न्याय? विशाखा त्यांना सांगायची, "नेम हाय तो, मी काय करू? तुमच्यात काही पहिल्यांदा सापडलं की तुमचंबी देऊ." ती निवृत्त झाली तरी फिरत राहिली, पोरापोरींना शिकवत राहिली. अशोकनं तिच्याबरोबर पिंजरे उचलले ते शेवटपर्यंत.

परभणीच्या घरी तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठी करतात ती वंदना, झालं तेव्हा तिच्या विद्यार्थिनींनी एक मोठा फोटो करून आणला आणि तिच्या खोलीतल्या भिंतीवर लावला. पांढऱ्या कागदावर काळ्या काड्या आणि एक चिमटा, तोच बळदातला एकोणचाळीसवाला. नातेवाईक येत, बुद्धांना आणि बाबासाहेबांना वंदन करत, विशाखाच्या तसबिरीला फूल वाहत, आणि या चित्रापाशी येऊन थबकत. त्यालाही फूल वाहायचं का, हे कळेना. मी तिथंच खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येकाला सांगत होते. भंतेजींनाही सांगितलं.

वंदना संपत आली तेव्हा दारात काठीचा आवाज आला. गोदाकाकू. पार थकलेल्या, नातसुनेच्या खांद्याला धरून, बोरीहून एसटीनं आलेल्या. आमच्या घरात त्या याआधी कधी आल्या नव्हत्या. कुणाशी काही न बोलता त्या विशाखाच्या खोलीत गेल्या, तसबिरीला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावला, आणि मग त्या फोटोपुढं उभ्या राहिल्या. मी उठून सांगायला सुरुवात केली, "काकू, हे उंदराचं..."

"ठावं हाय मला," त्यांनी मला हातानं थांबवलं आणि खोलीतल्या माणसांकडं वळल्या. "आमच्या घरचा हाय ह्यो. आमच्या बळदातला. आर्दा आमचा, आर्दा भीमनगरचा." नातसून त्यांना हळूच म्हणाली, आजी, निघायचं ना, गाडी चुकंल. "चुकू दे," काकू म्हणाल्या आणि विशाखाच्या पलंगावर ऐसपैस बसल्या. "लांबून आलेय मी. वाढा काय केलंय ते."

मी ताट वाढून आणलं. काकूंनी दुसरी भाकरी मागून घेतली.